हळू सुटणारा वायू, न सुटलेला प्रश्न: नायट्रिक ऑक्साइड, सिकलसेल आणि ओमान

ओमानमध्ये १९९५ साली पाच वर्षांखालील मुलांची देशव्यापी रक्तपाहणी झाली. सहा हजारांहून अधिक मुले तपासली गेली. त्यांतली सुमारे ६ टक्के सिकलसेलची वाहक निघाली आणि ०.२ टक्के मुलांना प्रत्यक्ष आजार होता. मुलग्यांमध्ये साधारण चारात एकाला जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता आढळली. पुढे २००५ ते २००७ या काळात मस्कतमध्ये ७,८३७ नवजात बाळांच्या नाळेचे रक्त तपासले गेले, तेव्हा जवळपास निम्म्या बाळांत अल्फा थॅलसेमियाच्या, म्हणजे हिमोग्लोबिनची अल्फा साखळी कमी बनण्याच्या आनुवंशिक दोषाच्या, खुणा सापडल्या. विदर्भात किंवा नंदुरबारमध्ये सिकलसेलचे काम करणाऱ्यांना यातले पहिले दोन आकडे ओळखीचे वाटतील. मात्र एकाच लोकसंख्येत इतके रक्तदोष एकत्र असणे ही ओमानची खासियत आहे.

सिकलसेलवर संशोधन करणाऱ्यांपुढे गेली पंचवीस वर्षे एक प्रश्न आहे. या आजारात रुग्णाच्या रक्तातला नायट्रिक ऑक्साइड हा वायू कमी पडतो, असे मानायला भक्कम आधार आहे. मग तो बाहेरून, हळूहळू सोडणाऱ्या संयुगांच्या रूपाने द्यावा का? प्रयोगशाळेत ही कल्पना आकर्षक दिसते, रुग्णांवरच्या चाचण्यांत मात्र तिचा निकाल संमिश्र आहे. ही चर्चा कुठून सुरू झाली, आज कुठे उभी आहे आणि ओमानसारख्या देशात तिला वेगळे वळण का लागते, याचा हा आढावा.

औषध आधी, कारण नंतर

नायट्रोग्लिसरीन १८४७ साली इटलीतल्या तुरीन शहरात आस्कान्यो सोब्रेरो यांनी जगासमोर आणले. १८६७ मध्ये लॉडर ब्रंटन यांनी छातीतल्या कळेवर अमाइल नायट्राइट वापरले, १८७९ मध्ये विल्यम मरेल यांनी त्याच कामासाठी नायट्रोग्लिसरीन सुचवले. जिभेखाली ठेवलेली गोळी मिनिटा-दोन मिनिटांत कळ थांबवते, हे डॉक्टरांना तेव्हापासून माहीत होते. का थांबवते, हे कळायला शंभर वर्षे लागली.

१९७७ मध्ये फेरिड मुराद यांनी दाखवले की ही औषधे शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडतात आणि तो वायू ग्वानिलेट सायक्लेज हे एन्झाइम जागे करतो. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांना सशाच्या महाधमनीवर प्रयोग करताना आढळले की रक्तवाहिनी सैल व्हायची तर तिच्या आतला पेशींचा पातळ थर शाबूत असावा लागतो. तो थर काहीतरी सोडत होता. ते ‘काहीतरी’ म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच, हे १९८६-८७ मध्ये लुईस इग्नारो, फर्चगॉट आणि लंडनमधला साल्वादोर मोंकादा यांचा गट यांच्या कामातून स्पष्ट झाले. १९९८ चे नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले.

याच काळात एक धडा मिळाला आणि तो पुढच्या सगळ्या चर्चेला लागू पडतो. १९८० च्या दशकात नायट्रोग्लिसरीनचे त्वचेवर चिकटवायचे पट्टे आले. चोवीस तास सावकाश औषध मिळाले की चोवीस तास आराम, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात एका दिवसातच शरीर औषधाला सरावले आणि परिणाम ओसरला. म्हणून आजही पट्टा दिवसाचे दहा-बारा तास काढून ठेवायला सांगतात. नायट्रोग्लिसरीनमधून वायू मोकळा करण्याचे काम शरीरातल्या एका एन्झाइमकडे असते. सतत कामाने ते एन्झाइम थकते, हे या सरावाचे एक कारण असल्याचे २००२ नंतरच्या संशोधनातून पुढे आले. म्हणजे हळू सुटणे हा आपोआप गुण ठरत नाही. कोणत्या वाटेने सुटते, हेही पाहावे लागते.

दाता संयुगांची घराणी

एन्झाइमवर अवलंबून न राहता आपोआप, मोजून-मापून वायू सोडणारे रेणू, म्हणजेच दाता संयुगे, हवीत, ही गरज यातून उभी राहिली. रसेल ड्रॅगो यांनी १९६० च्या सुमारास बनवलेली डायझेनियमडायोलेट संयुगे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील लॅरी कीफर यांच्या गटाने १९९० च्या दशकात पुन्हा हाती घेतली. संशोधक त्यांना सोयीने ‘नोनोएट’ म्हणतात. त्यांचा मोठा गुण म्हणजे त्यांचा वेग आधीच ठरवता येतो. ३७ अंश तापमान आणि पीएच ७.४ असताना प्रोली-नोनोएटचा अर्धायुकाल दोन सेकंदांच्या आत असतो, डीईए-नोनोएटचा दोन मिनिटे, स्पर्मीन-नोनोएटचा ३९ मिनिटे आणि डीईटीए-नोनोएटचा तब्बल २० तास. पाटाने पाणी सोडणे आणि ठिबकने देणे यांत जो फरक, तोच या यादीच्या दोन टोकांत आहे.

प्रयोगशाळेत हे काम कसे चालते ते पाहिले की अडचणीही कळतात. नोनोएटची पूड थंड आणि कोरडी ठेवावी लागते. ती विरघळवायची ती सौम्य अल्कलीत, कारण अल्कलीत ती टिकते. त्यातले काही मायक्रोलिटर पेशींच्या बशीत, पीएच ७.४ च्या द्रवात पडले की घड्याळ सुरू होते. तिथून पुढे वेग पीएच आणि तापमान ठरवतात, संशोधकाच्या हातात काही राहत नाही. शिवाय वायू सुटून गेल्यावर मागे उरलेला अमाइन रेणूही पेशींवर काही करत असेल. म्हणून काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगात शेजारच्या बशीत आधीच ‘संपवलेले’ संयुग घालून तुलना करतात. जिथे ही तुलना केलेली नसते, तिथे दिसलेला परिणाम वायूचा की उरलेल्या रेणूचा, हे सांगता येत नाही.

दुसरे घराणे एस-नायट्रोसोथायॉल संयुगांचे, म्हणजे जीएसएनओ, स्नॅप आणि त्यांची भावंडे. जीएसएनओ ग्लुटाथायॉनपासून बनते आणि शरीरात ग्लुटाथायॉन असतेच, त्यामुळे ते शरीराच्या ओळखीचे. पण तांब्याचा अंश किंवा प्रकाश लागला की ही संयुगे लवकर फुटतात. तिसरे घराणे सिड्नोनिमीन गटाचे. त्यातले सिन-१ नायट्रिक ऑक्साइडबरोबर सुपरऑक्साइडही सोडते. दोन्ही एकत्र येऊन पेरॉक्सिनायट्राइट हा जहाल रेणू बनतो. त्यामुळे एका प्रयोगात डीईटीए आणि दुसऱ्यात सिन-१ वापरले असेल, तर दोन्हींना ‘नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम’ म्हणून एकाच रांगेत मांडता येत नाही. प्रकाशित निष्कर्ष एकमेकांशी न जुळण्याचे हे एक साधे पण दुर्लक्षित कारण आहे.

मात्रेचाही प्रश्न आहेच. नॅनोमोलर किंवा त्याहून कमी पातळीवर हा वायू पेशींमधला निरोप पोचवतो, मायक्रोमोलर पातळीवर तोच पेशी मारतो. त्यामुळे हळू सोडण्याचा खरा हेतू वेळ वाढवणे एवढाच नसतो. पातळी धोक्याच्या रेषेखाली ठेवणे हा त्याहून मोठा हेतू असतो.

सिकलसेलशी संबंध कसा जुळला

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. ऑक्सिजन कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दोरे बनवते, लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक वाहिन्या तुंबतात. वेदनेचे झटके यातून येतात, हे चित्र जुने आहे.

२००२ मध्ये मार्क ग्लॅडविन यांच्या गटाने या चित्रात एक भर घातली. विळ्यासारख्या पेशी लवकर फुटतात आणि त्यांचे हिमोग्लोबिन थेट रक्तद्रवात उतरते. पेशीच्या आत असताना हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइडला सावकाश गाठते, बाहेर मोकळे फिरताना सुमारे हजारपट वेगाने गिळते. फुटलेल्या पेशींमधून आर्जिनेज हे एन्झाइमही बाहेर पडते आणि ज्या आर्जिनिनपासून शरीर हा वायू बनवते, तेच तोडून टाकते. म्हणजे खर्च वाढतो आणि कच्चा मालही आटतो. फुफ्फुसातला वाढलेला रक्तदाब, पायावरच्या न भरणाऱ्या जखमा आणि प्रायापिझम (लिंगाचा दीर्घकाळ टिकणारा वेदनादायक ताठरपणा) या गुंतागुंती या टंचाईतून येतात, असे हे मत सांगते. २००४ मध्ये याच गटाने १९५ प्रौढ रुग्णांचा अभ्यास छापला. त्यात इकोकार्डिओग्राफीवरून ३२ टक्के रुग्णांत फुफ्फुसी दाब वाढल्याची चिन्हे होती आणि त्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण जास्त होते.

टंचाई आहे, तर भरून काढा, हे पुढचे पाऊल स्वाभाविक होते.

चाचण्यांनी काय सांगितले

सर्वांत थेट उपाय म्हणजे वायूच हुंगायला देणे. नवजात बाळांच्या फुफ्फुसी दाबासाठी या वायूला अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली होती. २००३ मध्ये सिकलसेलच्या २० मुलांवरच्या छोट्या अभ्यासात मॉर्फिन कमी लागल्याचे दिसले आणि आशा वाढली. मग झाली ‘डिनोवो’ ही मोठी चाचणी. ११ केंद्रांत, वेदनेच्या झटक्यात दाखल झालेल्या १५० रुग्णांना ७२ तासांपर्यंत वायू किंवा नुसता नायट्रोजन दिला गेला. २०११ मध्ये निकाल आला. झटका शमायला लागलेल्या वेळेचा मध्यक वायू घेतलेल्यांत ७३ तास होता, न घेतलेल्यांत ६५.५ तास. फायदा काहीच नाही.

दुसरी वाट सिल्डेनाफिलची. हे औषध वायू देत नाही, पण वायूचा निरोप पेशीत जास्त वेळ टिकवते. फुफ्फुसी दाब असलेल्या सिकलसेल रुग्णांवर ते वापरणारी ‘वॉक-फास्ट’ ही चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. औषध घेणाऱ्यांपैकी ४५ टक्के रुग्णांना गंभीर त्रास झाला, न घेणाऱ्यांपैकी २२ टक्के. त्यातला बराचसा त्रास म्हणजे वेदनेच्या झटक्यांमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे.

तिसरी वाट कच्चा माल पुरवण्याची, म्हणजे आर्जिनिन देण्याची. २०१३ मध्ये क्लॉडिया मॉरिस यांच्या गटाने ३८ मुलांवर शिरेतून आर्जिनिन देऊन पाहिले. वेदनाशामक अफूजन्य औषधांची गरज ५४ टक्क्यांनी कमी झाली, रुग्णालयातला मुक्काम मात्र लक्षणीय घटला नाही. नायजेरियात तोंडाने आर्जिनिन देण्याचा अनुभवही आशादायक निघाला. त्याआधी याच पदार्थाच्या तोंडावाटे दिलेल्या एका चाचणीत काही हाती लागले नव्हते.

चौथी वाट ग्वानिलेट सायक्लेजला थेट चालना देणाऱ्या औषधांची. ओलिन्सिग्वाट हे औषध २०२० मध्ये दुसऱ्या टप्प्यावरच सोडून द्यावे लागले. रिओसिग्वाटची १३० रुग्णांवरची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ते सुरक्षेच्या कसोटीला उतरले आणि त्याने सिल्डेनाफिलसारखे झटके वाढवले नाहीत. त्याचा फायदा किती, हे मोठ्या चाचणीशिवाय ठरणार नाही.

या यादीत एक जागा रिकामी दिसते. डीईटीएसारखे खरोखर संथ, स्वयंचलित दाता संयुग संपूर्ण शरीरासाठी औषध म्हणून सिकलसेलच्या मोठ्या चाचणीपर्यंत पोचलेलेच नाही. कारण समजण्यासारखे आहे. रक्तदाब कोसळण्याची भीती आणि उरलेल्या अमाइनच्या विषारीपणाची शंका यांमुळे ही संयुगे बहुतेक बशीत आणि उंदरांतच राहिली.

हायड्रॉक्सीयुरिया: मस्कत आणि नागपूर

सिकलसेलमध्ये खऱ्या अर्थाने उपयोगी ठरलेले औषध मात्र या यादीबाहेरून आले. हायड्रॉक्सीयुरिया १८६९ साली जर्मनीत प्रथम बनवले गेले आणि पुढे रक्ताच्या कर्करोगात वापरले गेले. १९९५ मध्ये अमेरिकेत २९९ प्रौढांवर झालेल्या चाचणीत त्याने वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आणले. ते गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते आणि हे हिमोग्लोबिन दोरे बनू देत नाही, हे त्याचे मान्य स्पष्टीकरण आहे.

पण या रेणूच्या रचनेत नायट्रिक ऑक्साइड देण्याची क्षमता आहे. २००२ मध्ये रुग्णांना गोळी दिल्यावर काही तासांत रक्तात नायट्रोसिल हिमोग्लोबिन, म्हणजे नायट्रिक ऑक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन, वाढल्याचे मोजले गेले. २००३ मध्ये व्लादान चोकिच आणि सहकाऱ्यांनी दाखवले की गर्भ-हिमोग्लोबिन वाढण्याची प्रक्रियादेखील अंशतः नायट्रिक ऑक्साइड आणि ग्वानिलेट सायक्लेज यांच्याच मार्गाने जाते. म्हणजे सिकलसेलमधला सर्वांत यशस्वी संथ दाता कदाचित आधीपासूनच दवाखान्याच्या कपाटात होता आणि तो दाता म्हणून कुणी बनवलेला नव्हता. ‘कदाचित’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. हिमोग्लोबिनशी त्याची अभिक्रिया इतकी धिमी आहे की तेवढ्या वायूने शरीरात काही फरक पडतो का, यावर रसायनशास्त्रज्ञांचे एकमत नाही.

मस्कत आणि नागपूर यांचा अनुभव इथे शेजारी ठेवून वाचण्यासारखा आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र आजार असलेल्या मुलांना वजनाच्या किलोमागे रोज १० मिलिग्रॅम अशी ठरलेली, कमी मात्रा दिली. पाश्चात्त्य पद्धतीत ती रुग्णाला सोसेल तितकी वाढवत नेतात. २०१२ मध्ये छापलेल्या निकालात कमी मात्रेवरही झटके आणि रक्त चढवण्याची गरज स्पष्टपणे घटली होती. सुलतान काबूस विद्यापीठ रुग्णालयातील बालरोग गटाने २०१३ मध्ये ओमानी मुलांबाबत असाच निष्कर्ष मांडला: कमी मात्रा पुरते. वारंवार रक्त तपासायला ओमानच्या दूरच्या भागातून मस्कतला किंवा गडचिरोलीच्या पाड्यावरून नागपूरला येणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी हे मोलाचे आहे.

तरी या यशाने मूळ प्रश्न सुटत नाही. गर्भ-हिमोग्लोबिनची वाढ, पांढऱ्या पेशींची घट आणि नायट्रिक ऑक्साइड, हे तिन्ही परिणाम एकाच गोळीतून येतात. गर्भ-हिमोग्लोबिन वाढायला महिने लागतात, पण काही रुग्णांना त्याआधीच बरे वाटू लागते असे डॉक्टर सांगतात. वायूला महत्त्व देणाऱ्यांच्या मते हा वायूचा पुरावा, इतरांच्या मते पांढऱ्या पेशी कमी झाल्याचा. दोन्ही अर्थ उपलब्ध माहितीत बसतात.

तीन भूमिका

पहिली भूमिका टंचाईवाद्यांची. त्यांच्या मते सिद्धान्त बरोबर आहे, चाचण्यांची पद्धत चुकली. झटका सुरू झाल्यावर ७२ तास वायू देणे म्हणजे उशिरा आणि थोडा वेळ देणे. टंचाई वर्षानुवर्षांची आहे, तेव्हा पुरवठाही संथ आणि दीर्घकाळ हवा. हुंगलेला वायू फुफ्फुसापलीकडे कितपत पोचतो, हाही त्यांचा मुद्दा आहे.

दुसरी भूमिका साशंकांची. फ्रँकलिन बन, रॉबर्ट हेबेल आणि इतर ज्येष्ठ रक्ततज्ज्ञांनी २०१० च्या सुमारास मूळ पुराव्यावरच बोट ठेवले. पेशी फुटण्याच्या ज्या खुणांवरून टंचाईचा अंदाज बांधला जातो, त्या इतर कारणांनीही वाढतात, असे त्यांचे म्हणणे. २०११ मध्ये फ्रान्समधल्या ३९८ रुग्णांच्या अभ्यासाने या शंकेला बळ दिले. इकोमध्ये २७ टक्के रुग्णांत दाब वाढल्याचा संशय होता, पण हृदयात नळी घालून मोजल्यावर खरा फुफ्फुसी रक्तदाब फक्त ६ टक्क्यांत निघाला. साशंकांचा दुसरा मुद्दा गणिताचा आहे. रक्तद्रवातले मोकळे हिमोग्लोबिन मायक्रोमोलर पातळीवर असते, संथ दाता नॅनोमोलर पातळीवर वायू सोडतो. जे सुटेल ते गिळले जाणार. मात्रा वाढवावी, तर रक्तदाब पडणार.

तिसरी भूमिका रुग्णांची विभागणी सुचवते. ग्रेगरी काटो, ग्लॅडविन आणि मार्टिन स्टाइनबर्ग यांनी २००७ मध्ये मांडले की सिकलसेलच्या रुग्णांत दोन कल दिसतात. काहींत पेशी फार फुटतात. त्यांना फुफ्फुसी दाब, पायाच्या जखमा आणि प्रायापिझम होतो. काहींत रक्त दाट राहते. त्यांना वेदनेचे झटके आणि हाडांची झीज जास्त होते. नायट्रिक ऑक्साइडचा उपयोग झालाच तर पहिल्या गटाला होईल. सर्वांना एकत्र घेऊन केलेली चाचणी अपयशी ठरणे मग आश्चर्याचे उरत नाही. साशंकांना ही विभागणी इतकी स्वच्छ वाटत नाही, कारण अनेक रुग्ण दोन्ही गटांत मोडतात.

ओमानची वेगळी परिस्थिती

तिसरी भूमिका खरी मानली, तर ओमानचे महत्त्व वाढते. डॉ. शाहिना दार आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले की ओमानमधले सिकल जनुक एका ठिकाणाहून आलेले नाही. सुमारे निम्मे बेनिन प्रकारचे, एक चतुर्थांशाहून थोडे अधिक अरब-भारतीय आणि उरलेले बांटू प्रकारचे. झांझिबार आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याशी शतकानुशतके चाललेला व्यापार, सत्ता आणि गुलामांची वाहतूक यांची ही रक्तात उरलेली नोंद आहे. अरब-भारतीय प्रकारात गर्भ-हिमोग्लोबिन मुळातच जास्त असते. विदर्भातल्या रुग्णांत हाच प्रकार प्रामुख्याने आढळतो, तरी तिथला आजार सौम्य असतो हा समज नागपूरच्या नोंदींनी बऱ्याच अंशी मोडीत काढला.

त्यावर अल्फा थॅलसेमियाचा थर आहे. मस्कतमध्ये डॉ. सलाम अल-किंदी, डॉ. अनिल पाठारे आणि त्यांच्या गटाने नवजात तपासणीत तो किती व्यापक आहे ते दाखवले. सिकलसेलबरोबर अल्फा थॅलसेमिया असला की पेशी कमी फुटतात, पण रक्त दाट राहते. म्हणजे ओमानी रुग्णांतला मोठा गट काटो-ग्लॅडविन विभागणीत दुसऱ्या बाजूला झुकतो, जिथे वायूची गरज कमी मानली जाते. अमेरिकेतल्या रुग्णांवरचा निकाल मस्कतला जसाच्या तसा लावता येणार नाही, तो या कारणाने.

तिसरी गोष्ट थेट सुरक्षेची आहे. नायट्रिक ऑक्साइड हिमोग्लोबिनशी भिडला की मेथेमोग्लोबिन बनते आणि ते ऑक्सिजन वाहत नाही. ते वाढले की रुग्णाचे ओठ निळसर होतात, बोटावरचे ऑक्सिमीटर ८५ च्या आसपास अडकून बसते आणि सिरिंजमध्ये ओढलेले रक्त चॉकलेटी दिसते. ऑक्सिजन कितीही वाढवला तरी आकडा हलत नाही. यावर सगळीकडे वापरला जाणारा उतारा म्हणजे मेथिलीन ब्लू. पण हा उतारा लागू पडायला जी-६-पीडी एन्झाइम लागते. ते नसलेल्या रुग्णात मेथिलीन ब्लू काम तर करत नाहीच, उलट लाल पेशी फोडते. चारात एका पुरुषाला ही कमतरता असलेल्या देशात कोणत्याही नायट्रिक ऑक्साइड दात्याची चाचणी करायची, तर ही तपासणी आधी हवी. शिवाय याच एन्झाइमच्या कामातून शरीराला स्वतःचा नायट्रिक ऑक्साइड बनवायला लागणारे इंधनही मिळते. म्हणजे कमतरता असलेल्यांना टंचाई जास्त असू शकते आणि उपायाचा धोकाही जास्त.

जिथे हळू सोडणे जमले

सिकलसेलबाहेरचे चित्र पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. जिथे वायू एका ठरावीक जागी सोडायचा होता, तिथे यश आले. डोळ्यांच्या काचबिंदूसाठी लॅटॅनोप्रोस्टिन ब्युनॉड या थेंबांना अमेरिकेत नोव्हेंबर २०१७ मध्ये मान्यता मिळाली. त्वचेवरच्या मोलस्कम या विषाणूजन्य पुळ्यांसाठी बर्डाझिमर जेलला जानेवारी २०२४ मध्ये. या जेलमध्ये नोनोएटच सिलिकॉनच्या साखळीला बांधलेले आहे. म्हणजे कीफर यांच्या रसायनशास्त्राला तीस वर्षांनी दवाखान्याचे दार उघडले, तेही त्वचेवर. भारतात फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईच्या ग्लेनमार्कने कॅनडातील सॅनोटाइझ कंपनीबरोबर नायट्रिक ऑक्साइडचा नाकातला फवारा कोविडसाठी बाजारात आणला. त्याआधी देशातल्या २० केंद्रांत ३०६ प्रौढांवर चाचणी झाली आणि नाकातला विषाणूभार वेगाने घटल्याचे दिसले.

जिथे दाता सगळ्या शरीरात पोचवायचा होता, तिथे वाट अडली. नॅप्रॉक्सेन या वेदनाशामकाला नायट्रेट जोडून बनवलेले नॅप्रॉक्सिनॉड २०१० मध्ये अमेरिकेत नाकारले गेले. तीव्र पक्षाघातात नायट्रोग्लिसरीनचा पट्टा लावणाऱ्या, ४,०११ रुग्णांच्या ‘एनॉस’ चाचणीत २०१५ मध्ये फायदा दिसला नाही.

सिकलसेलमध्येही याच दिशेचा एक छोटा पुरावा आहे. अमेरिकेत १८ प्रौढ रुग्णांच्या पायावरच्या जुन्या जखमांवर सोडियम नायट्राइटचे मलम लावले गेले. २०१४ मध्ये छापलेल्या या पहिल्या टप्प्याच्या अभ्यासात जखमेभोवतीचा रक्तप्रवाह वाढला आणि मात्रेच्या प्रमाणात जखमा लहान झाल्या. रक्तदाब कोसळला नाही. चाचणी लहान होती आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवे.

काय ठरले, काय राहिले

ठरलेल्या गोष्टी मोजक्या आहेत. सिकलसेलमध्ये मोकळे हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड खाते, हे रसायन वादातीत आहे. झटका आल्यावर वायू हुंगायला देऊन झटका लवकर शमत नाही. सिल्डेनाफिलने या रुग्णांचे नुकसान होऊ शकते. हायड्रॉक्सीयुरिया काम करते आणि कमी मात्रेतही करते.

न ठरलेल्या गोष्टी तीन. पहिली: टंचाई हे आजाराचे कारण आहे की त्याची खूण? दुसरी: हायड्रॉक्सीयुरियाच्या गुणात वायूचा वाटा किती? हे वेगळे काढायचे तर गोळीनंतरच्या पहिल्या काही तासांतले नायट्रोसिल हिमोग्लोबिन आणि काही महिन्यांनंतरचे गर्भ-हिमोग्लोबिन त्याच रुग्णात मोजून, दोन्हींची झटक्यांशी वेगवेगळी सांगड घालावी लागेल. तिसरी: संथ दाता आधीपासून आणि दीर्घकाळ दिला, तर निकाल बदलेल का? टंचाईवादी हो म्हणतात, साशंक गणित मांडून नाही म्हणतात, आणि चाचणी कुणीच केलेली नाही.

भारतात जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत जनुक-संपादनाच्या उपचारालाही मान्यता मिळाली. पण त्याची किंमत पाहता विदर्भातल्या किंवा ओमानच्या अंतर्भागातल्या बहुतेक रुग्णांसाठी स्वस्त, तोंडाने किंवा मलमातून घ्यायचे औषध हाच बराच काळ खरा पर्याय राहणार. म्हणून संथ दात्यांचा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. त्याचे उत्तर शोधायला लागणारी सामग्री मस्कत आणि नागपूर यांच्याकडे मिळून आहे: एकीकडे तीन प्रकारांचे सिकल जनुक आणि अल्फा थॅलसेमियाची दाट उपस्थिती, दुसरीकडे जवळपास एकाच प्रकारच्या जनुकाचे हजारो रुग्ण, आणि दोन्हीकडे कमी मात्रेच्या हायड्रॉक्सीयुरियाचा अनुभव. पायाच्या जखमांवरच्या मलमाची, आधी जी-६-पीडी तपासून, दोन्ही ठिकाणी एकाच आराखड्याने केलेली आणि तुलनेचा गट असलेली चाचणी ही त्यातली सर्वांत कमी धोक्याची सुरुवात ठरेल. मलम दोन्हीकडे सारखेच लागू पडले, तर टंचाईवाद्यांची बाजू भक्कम होईल. पेशी जास्त फुटणाऱ्यांतच लागू पडले, तर विभागणी मानणाऱ्यांची. कुठेच लागू पडले नाही, तर साशंकांचा आक्षेप निदान जखमांपुरता तरी मान्य करावा लागेल.